फ्रेंचमधले नमस्कार-चमत्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसची तिकिटं काढलेली मंडळी, अकरावीला फ्रेंच घेतलेली मुलं आणि क्वेबेकला (कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत) निघालेली जोडपी, या सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ते वाचायचे कसे, हे प्रश्न २ मध्ये आहे, तेवढं आधी पाहून घ्या.

१. पंधरा दिवसांवर निघायचंय. निदान किती शब्द पाठ करू?

पाच. बोंझूर (नमस्कार), सील वू प्ले (कृपया), मेर्सी (आभारी आहे), पार्दों (माफ करा, जरा जाऊ द्या) आणि ओ रव्वार (येतो). त्यांच्यामागे पुरुषाला ‘मस्यो’ आणि बाईला ‘मादाम’ जोडायचं. एवढ्यावर आठवडाभराची सहल निभावते.

हे पाचच का, तेही सांगतो. ‘काका, जरा सरकता का?’ या वाक्यात कृपया नाही, आभार नाहीत, तरी ते कुणाला उद्धट वाटत नाही. कारण मराठीतला आदर ‘काका’त आणि ‘सरकता’त आला. फ्रेंचमध्ये अनोळखी माणसाला काका म्हणायची सोय नाही. तिथे सगळा भार या सुट्या शब्दांवर असतो. ते गाळून बाकीचं वाक्य कितीही शुद्ध बोललात, तरी ऐकणाऱ्याला हुकूम सोडल्यासारखंच वाटतं.

२. देवनागरीत लिहिलेले उच्चार तसेच्या तसे वाचले तर चालतील का?

समजतील, पण चार ठिकाणी फसगत होते.

‘त्यू’, ‘साल्यू’ यांत ‘यू’ लिहिलं असलं तरी त्यात ‘य’ नाही. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा, तो हा स्वर. ‘झ’ हा ‘झाड’मधला नव्हे, ‘श’ म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढलात की जो येतो तो. ‘ज’ मात्र ‘मजा’तला. ‘र’ पडजिभेपाशी घासून येतो, पण जिभेच्या टोकाने म्हटलात तरी कुणाचं अडत नाही. पहिल्या महिन्यात त्या ‘र’वर तास घालवणं मला व्यर्थ वाटतं.

चौथी गोष्ट अनुनासिकाची. ‘बोंझूर’मध्ये ‘न’ही नाही आणि ‘म’ही नाही, ओकार नाकातून सोडायचा. मराठी लेखनातली ‘नांव’, ‘केलें’ यांच्या डोक्यावरची टिंबं १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी काढली, कारण प्रमाण बोलीत तो उच्चार उरलाच नव्हता. कोकणीत अनुनासिक स्वर अजून जिवंत आहेत, त्यामुळे गोव्याकडच्या विद्यार्थ्यांना हे पुणेकरांपेक्षा लवकर जमतं.

एक सावधगिरी. ‘मेर्सी बोकू’ (खूप आभार) मधला शेवटचा ‘ऊ’ आपला साधा ऊ आहे. नवा स्वर शिकल्याच्या उत्साहात तिथे चंबूवाला ‘यू’ घातलात, तर आभाराऐवजी समोरच्याच्या पार्श्वभागाची तारीफ होते. हा फ्रेंचमधला जुनाच विनोद आहे. त्याचा विषय होऊ नका.

३. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणायलाच हवं का? गिऱ्हाईक तर मी आहे!

हवंच. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

आपल्याकडे दुकानात पाऊल टाकताच ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणतात, आणि ‘बोला साहेब’ हे शब्द दुकानदाराचे असतात. फ्रान्समध्ये दुकान ही दुकानदाराची जागा समजतात आणि तुम्ही तिथे आलेले पाहुणे. आधी ‘बोंझूर मादाम’ म्हणायचं, क्षणभर थांबायचं, उलट ‘बोंझूर’ आलं की मग काय हवं ते सांगायचं. बेकरी, औषधाचं दुकान, टपाल कचेरी, हॉटेलचा काउंटर, सगळीकडे हेच. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला म्हणतात. दवाखान्यात थांबायच्या खोलीत शिरताना आधीच बसलेल्या सगळ्यांना मिळून एक ‘बोंझूर’ म्हणतात. ‘मेस्यो-दाम’ (बायका-पुरुष सगळ्यांना मिळून) जोडलंत तर अधिक घरंदाज. पत्ता विचारतानाही आधी ‘बोंझूर’, मग रस्ता.

‘फ्रेंच लोक शिष्ट असतात’ ही तक्रार घेऊन परतणाऱ्यांना मी विचारतो, ‘बोलायला सुरुवात कुठून केलीत?’ बहुतेकांनी थेट ‘एक्स्क्यूज मी’पासून केलेली असते. त्या माणसाच्या लेखी तुम्ही त्याला माणूस म्हणून ओळखच दिली नाही आणि काम सांगून मोकळे झालात.

२०१३ मध्ये नीस शहरातल्या ‘ला पेतित सिरा’ नावाच्या कॅफेने पाटीच लावली होती: नुसतं ‘एक कॉफी’ म्हटलंत तर ७ युरो, ‘एक कॉफी, सील वू प्ले’ म्हटलंत तर ४.२५ युरो, आणि ‘बोंझूर, एक कॉफी, सील वू प्ले’ म्हटलंत तर १.४० युरो. पाटी गमतीची होती, पण तिचा फोटो जगभर फिरला. तिथल्यांना त्यात समजावून सांगण्यासारखं काहीच वाटलं नसेल.

अपवाद: पॅरिसच्या फुटपाथवर दिसेल त्याला ‘बोंझूर’ म्हणत सुटू नका, लोक बिचकतील. लहान गावात किंवा डोंगरातल्या पायवाटेवर मात्र समोरून येणाऱ्याला म्हणतात, आपल्याकडे गावात ‘राम राम’ घालतात तसं.

४. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांचं वेगवेगळं काय म्हणायचं?

सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ‘बोंझूर’, नंतर ‘बोंस्वार’. कायदा नाही, पण साधारण सहाच्या सुमारास लोक बदलतात. हिवाळ्यात लवकर अंधारतं तेव्हा आधीही. चुकलात तर समोरचा हसून दुसरं म्हणेल, एवढंच.

‘शुभ प्रभात’चं शब्दशः भाषांतर करून ‘बों मातां’ म्हणू नका. फ्रान्समध्ये ते कानाला खटकतं (क्वेबेकमध्ये चालतं, प्रश्न १८ पाहा). ‘बॉन न्युई’ म्हणजे शुभ रात्री, पण ते झोपायला जाणाऱ्यालाच. रात्री दहाला हॉटेलातून बाहेर पडताना वेटरला ते म्हटलंत, तर तो बिचारा अजून दोन तास राबणार असतो. तिथे ‘बॉन स्वारे’. निघतानाच्या शुभेच्छा प्रश्न १५ मध्ये आहेत.

५. ऑफिसात सकाळी ‘बोंझूर’ झालं. दुपारी तोच माणूस जिन्यात भेटला. पुन्हा म्हणायचं?

नाही. एका माणसाला दिवसात एकच. दुसऱ्यांदा म्हटलंत तर सकाळची भेट तुम्ही विसरलात असा अर्थ होतो. मान हलवून हसा, किंवा ‘रबोंझूर’ म्हणा, म्हणजे ‘पुन्हा एकदा’. सहकारी नुसतं ‘र’ म्हणूनही भागवतात.

६. मग ‘साल्यू’ केव्हा?

ज्याला ‘त्यू’ म्हणता त्यालाच (प्रश्न ७). मित्र, वर्गसोबती, भावंडं. येतानाही ‘साल्यू’ आणि जातानाही ‘साल्यू’. ‘कुकू’ त्याहून लाडिक आहे, घरच्यांना आणि जवळच्या मैत्रिणींना मेसेजमध्ये लिहितात. बँकेत यातलं काहीच नको.

७. ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला हे सोपंच की!

निम्मं सोपं आहे. इंग्रजीवाल्यांना हा भेद मुळापासून शिकावा लागतो, आपल्या हाडात तो असतो. अनोळखी प्रौढाला, वरिष्ठाला, दुकानदाराला ‘वू’. मुलांना, मित्रांना, कुत्र्यामांजरांना ‘त्यू’. एकापेक्षा जास्त माणसं असली की मित्र असले तरी ‘वू’च.

फसतं ते घरात. आईला ‘तू’ आणि बाबांना ‘अहो’ अशा घरातून आलेला मुलगा फ्रेंच निबंधात वडिलांना ‘वू’ लिहितो. फ्रान्समध्ये आईवडील दोघांनाही ‘त्यू’, आजी-आजोबांनाही. तिथे अंतर वयाने पडत नाही, ओळख किती यावर पडतं. नवराबायकोचंही तसंच, ‘अहो-जाहो’ची सवय इथे उपयोगाची नाही. जुन्या खानदानी घराण्यांत तुरळक अपवाद दिसतात: राष्ट्राध्यक्ष झाक शिराक आणि बेर्नादेत शिराक एकमेकांना ‘वू’ म्हणत, आणि लोकांना त्याचं नवल वाटे.

देवाला? आपण विठोबाला अरे-तुरे करतो. फ्रेंच कॅथलिक लोक त्यांच्या मुख्य प्रार्थनेत देवाला पूर्वी ‘वू’ म्हणत, १९६६ पासून ‘त्यू’ म्हणतात. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण मुलांना आवडतं म्हणून सांगितलं.

८. समोरचा मला ‘त्यू’ म्हणतोय. मीही सुरू करू का?

समवयस्क असेल आणि सहज म्हणत असेल, तर करा. नुसतं ‘वू’ला चिकटून राहिलात तर तुम्हाला जवळीक नको असा अर्थ निघतो. शंका असेल तर विचारायची पद्धतच आहे: ‘ओं प स त्युत्वाये?’, म्हणजे आपण अरे-तुरेवर येऊ या का. हे विचारण्याचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याचा. आयटी कंपन्यांत आणि विद्यापीठातल्या मुलांमध्ये पहिल्या दिवसापासून ‘त्यू’ चालतं, विचारावंही लागत नाही.

पण मोठा माणूस लहानाला ‘त्यू’ म्हणतो तेव्हा ती परतफेडीची परवानगी नसते. १८ जून २०१८ रोजी पॅरिसजवळ माँ-व्हालेर्यां इथल्या कार्यक्रमात एका शाळकरी पोराने राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांना ‘सा वा, मान्यू?’ (काय मान्यू, बरं आहे ना?) असं हटकलं. मान्यू म्हणजे इमान्युएलचं लाडकं रूप. मॅक्राँनी तिथेच त्याला सुनावलं की मला ‘मस्यो’ म्हण किंवा ‘मस्यो ल प्रेझिदाँ’ म्हण. सुनावताना ते स्वतः त्याला ‘त्यू’च म्हणत होते, आणि बहुतेक फ्रेंच माणसांना त्यात विसंगती दिसली नाही.

एकदा ‘त्यू’वर आलात की पुन्हा ‘वू’वर जाऊ नका. ते भांडल्यासारखं होतं.

९. ‘मस्यो’, ‘मादाम’ पुढे आडनाव लावायचं का? आणि अविवाहित मुलीला ‘मादम्वाजेल’?

समोरासमोर बोलताना आडनाव न लावता नुसतं ‘बोंझूर मादाम’ हेच नीटस. आपल्या ‘मॅडम’मध्ये जो हाताखालच्या माणसाचा सूर असतो तो इथे नाही, मंत्री बाईही भाजीवालीला ‘मादाम’ म्हणते.

‘मादम्वाजेल’ सोडून द्या. आपल्या ‘कु.’ आणि ‘सौ.’सारखा तो फरक होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये पंतप्रधान फ्राँस्वा फियों यांच्या परिपत्रकाने सरकारी अर्जांवरून तो रकाना काढायला सांगितला. पुरुषाला लग्न झालंय का कुणी विचारत नव्हतं, मग बाईलाच का, हा मुद्दा होता. म्हातारे दुकानदार अजून तरुण मुलींना तसं म्हणतात. तुम्ही प्रत्येक प्रौढ बाईला ‘मादाम’ म्हणा.

१०. ‘सा वा?’ विचारलं तर तब्येतीचं सगळं सांगायचं का?

नाही. ‘काय, बरं आहे ना?’ला आपण ‘हो, चाललंय’ म्हणतो, तेवढंच. ‘सा वा, ए त्वा?’ (ठीक, आणि तुझं?) किंवा ‘वू’वाल्या माणसाला ‘सा वा, ए वू?’ जास्त अदबीने विचारायचं तर ‘कोमाँ ताले-वू?’ यातला ‘त’ एरवी मुका असतो, पुढे स्वर आला म्हणून जागा होतो. दुकानात अनोळखी माणसाला यातलं काही विचारत नाहीत. तिथे ‘बोंझूर’ पुरे.

११. कॅफेत मागायचं कसं? ‘गार्सों’ अशी हाक मारू का?

मुळीच नको. ‘गार्सों’ म्हणजे पोऱ्या. जुन्या सिनेमात ऐकलं असेल, आज अपमान आहे. बोटांनी चुटकीही नको. नजर मिळवा, हात किंचित वर करा, ‘मस्यो, सील वू प्ले’ किंवा ‘मादाम, सील वू प्ले’ म्हणा आणि वाट पाहा. वाट पाहावी लागते, ती तिथली रीत आहे.

‘मला हवं’ याचं ‘झ व’ असं सरळ रूप शिकवलेलं असतं, पण ते हट्टी पोराचं वाटतं. ‘झ वुद्रे’ म्हणजे ‘मला हवं होतं’ म्हणा: ‘बोंझूर, झ वुद्रे अं काफे, सील वू प्ले.’ मित्राकडे मागताना शेवट ‘सील त प्ले’ होतो. ‘त्यू’-‘वू’चा नियम इथपर्यंत पोचतो.

१२. कुणी ‘मेर्सी’ म्हटलं तर उत्तर काय?

रोजच्या बोलण्यात ‘द र्यां’, म्हणजे काही नाही हो. अदबीने ‘झ वू-जाँ प्री’. दक्षिणेत, तुलूजच्या बाजूला, ‘आव्हेक प्लेझीर’ म्हणजे आनंदाने.

आपल्याला अवघड जातं ते उत्तर देणं नाही, तर मुळात ‘मेर्सी’ इतक्यांदा म्हणणं. आपल्याकडे घरातल्या माणसाला आभार म्हटलं की ‘परकं केलंस का?’ असं ऐकावं लागतं, आणि ‘धन्यवाद’ हा शब्द बराचसा माइकसमोरचा. फ्रान्समध्ये आई मीठ पुढे सरकवते तेव्हाही ‘मेर्सी’.

१३. ‘कॉफी घेणार?’ विचारल्यावर मी ‘मेर्सी’ म्हटलं आणि कॉफी आलीच नाही. का?

कारण देऊ केलेल्या गोष्टीवर नुसतं ‘मेर्सी’, त्यात मान जरा हलली असेल तर, नकार समजला जातो. हवं असेल तर ‘वी, मेर्सी’ किंवा ‘वोलोंत्ये’ (आवडेल) म्हणा. नको असेल तर ‘नों, मेर्सी’.

आणि आपला तीनदा ‘नको नको’ म्हणून मग घेण्याचा रिवाज तिथे चालत नाही. पहिल्या ‘नों’ला कप उचलला जातो.

१४. ‘पार्दों’, ‘एक्स्क्यूजे-म्वा’ आणि ‘देजोले’ यांत फरक काय?

गर्दीत वाट काढताना, धक्का लागला तर, नीट ऐकू आलं नाही तर: ‘पार्दों’. कुणाचं लक्ष वेधायचं किंवा थांबवून काही विचारायचं: ‘एक्स्क्यूजे-म्वा’, पण ‘बोंझूर’ला विसरू नका. खरंच वाईट वाटलं, उशीर झाला, काम होणार नाही: ‘देजोले’. बाईने लिहिताना त्याला आणखी एक अक्षर लागतं, उच्चार तोच. भेटल्यावर म्हणायच्या ‘आँशाँते’चं (भेटून आनंद झाला) तसंच.

१५. निरोप घेताना काय काय म्हणतात?

‘ओ रव्वार’ कुठेही चालतं, आणि दुकानातून काही न घेता बाहेर पडतानाही म्हणायचं. त्याला जोडून बहुधा एक शुभेच्छा येते: दिवसा ‘बॉन झुर्ने’, संध्याकाळी ‘बॉन स्वारे’, शुक्रवारी ‘बों वीकेंड’. आजच पुन्हा भेटणार असाल तर ‘आ तू-ता-लर’, उद्या ‘आ दमां’, लवकरच केव्हातरी ‘आ ब्यांतो’.

‘बों कुराझ’ हा मला सगळ्यात आवडता. परीक्षेला, कंटाळवाण्या कामाला किंवा नुसत्या सोमवारच्या ऑफिसला निघालेल्याला म्हणतात: धीर धर, होईल. वेटरला, ड्रायव्हरला म्हणून पाहा.

‘आद्यो’ मात्र जपून. ती कायमची ताटातूट. दक्षिण फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडच्या काही भागांत तोच शब्द चक्क नमस्कारासारखा वापरतात, पण ते तिथल्यांनी.

१६. गालाला गाल लावायची भीती वाटते. काय करू?

हात पुढे करा. हलकं, थोडक्यात हस्तांदोलन पहिल्या भेटीत आणि ऑफिसात पूर्णपणे चालतं. ‘बीझ’ ही ओळखीच्या लोकांची गोष्ट आहे: गाल गालाला टेकतो, चुंबनाचा आवाज हवेत. पॅरिसमध्ये बहुधा दोन, माँपेल्येच्या भागात तीन, काही ठिकाणी चार. आधी कोणता गाल यावर फ्रेंच लोकांचंही एकमत नाही. मिठी मात्र आपण समजतो त्याच्या उलट जास्त खासगी समजतात.

कोविडने हे बरंच सैल केलं. मार्च २०२० मध्ये मॅक्राँनी स्पेनच्या राजा-राणीचं स्वागत हात जोडून केलं होतं. तेव्हा तुम्ही नमस्कार केलात तर कुणी वावगं समजणार नाही, फक्त तोंडाने ‘बोंझूर’ हवं.

१७. ई-मेलमध्ये आणि पत्रात कसं लिहायचं?

ई-मेलची सुरुवात ‘बोंझूर मादाम’, शेवट ‘कोर्द्यालमाँ’ (स्नेहपूर्वक). बहुतेक कामं यावर होतात. अनोळखी व्यक्तीला ‘प्रिय’ लिहू नका.

सरकारी अर्ज किंवा नोकरीचं पत्र असेल तर शेवटी एक लांबलचक वाक्य येतं, ज्याचा आशय ‘माझ्या विशेष आदराच्या अभिवादनाचा स्वीकार व्हावा’ असा. ‘सा.न.वि.वि.’ आणि ‘कळावे, लोभ असावा’ लिहिलेल्या पिढीला त्यात काही विचित्र वाटत नाही. ते वाक्य समजून घेण्याच्या भानगडीत न पडता उतरवून घ्या. फ्रेंच लोकही तेच करतात. टंकताना प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांच्याआधी एक जागा मोकळी सोडतात, ती चूक नव्हे.

१८. क्वेबेक, बेल्जियम, मॉरिशस इथेही हेच चालतं का?

पाया तोच. क्वेबेकमध्ये ‘मेर्सी’ला ‘ब्यांवन्यू’ असं उत्तर मिळतं, जे फ्रान्समध्ये फक्त ‘सुस्वागतम्’ आहे. सकाळी ‘बों मातां’ चालतं आणि लोक ‘त्यू’वर लवकर येतात. माँट्रियालच्या दुकानांत ‘बोंझूर-हाय’ असं जोडस्वागत ऐकाल. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वेबेकच्या विधानसभेने दुकानदारांनी नुसतं ‘बोंझूर’ म्हणावं असा ठराव एकमताने केला. तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल त्या भाषेत पुढचं बोलणं होतं, म्हणून सरावासाठी ‘बोंझूर’च म्हणा.

बेल्जियममध्ये वस्तू हातात देताना ‘सील वू प्ले’ म्हणतात, म्हणजे ‘हं, घ्या’. सुट्टे पैसे परत देताना दुकानदार तसं म्हणाला, तर तो काही मागत नाहीये.

मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांचा मराठी समाज आहे, पण त्यांची रोजची बोली तिथली क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा. तिच्यात ‘झ’चा ‘मजा’तला ‘ज’ होतो: ‘बोंजूर’. पुढे ‘कि मान्येर?’ (कसं काय?) असं विचारलं तर ‘मो ब्यें’ म्हणा, म्हणजे मी बरा आहे. फ्रेंचमध्ये उत्तर दिलंत तरी समजतं.